बाटलीकाकांची लाल पाटी

बाटलीकाकांना बाटलीकाका म्हणतात ते पिण्यामुळे नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नव्या माणसाला हमखास तोच संशय येतो आणि काकांना तो मुळीच खपत नाही. ते नगरपालिकेच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. टाक्या, शाळांचे नळ, विहिरी आणि दर आठवड्याला समुद्रकिनारा, जिथे लोक पोहायला येत, अशा सगळ्या ठिकाणचे नमुने गोळा करायचं काम त्यांच्याकडे होतं. खांद्याला बर्फाची पेटी, अंगात ढगळ अर्धी चड्डी, अशी स्वारी वाळूवर दिसली की खेळणी विकणारासुद्धा हाक मारी, "काय बाटलीकाका, भरल्या का?"

कामात मात्र माणूस चोख. कंबरेएवढ्या पाण्यात जायचं, पायांनी ढवळलेली वाळू खाली बसू द्यायची, झाकणाला आतून बोट लागू न देता ते काढायचं, बाटली पालथी धरून कोपरापर्यंत हात बुडवायचा आणि मग तिचं तोंड येणाऱ्या लाटेकडे फिरवायचं. घरी पाहुणा आला की काका त्याला हे सगळं बादलीत पेला बुडवून दाखवत. पाहुणा बिचारा चहाची वाट बघत बसे आणि स्वयंपाकघरातून काकू काकांचं पुढचं वाक्य त्यांच्या आधी म्हणून टाकत.

खोट होती ती एकच. काकांचा स्वभाव जळका. लहानपणी धाकट्या भावाला नवे बूट आणि यांना चुलतभावाचे जुने, तेव्हापासून जे पोटात दुखू लागलं ते थांबलंच नाही. कचेरीत शेजारच्याला खिडकीजवळची जागा मिळाली तेव्हा यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि तो माणूस उन्हाने हैराण होऊन स्वतःच जागा बदलून मागायला आला तेव्हा नाही म्हणाले. मेहुण्याने घेतलेली मोटार यांनी आजवर एकदाही चांगली म्हटलेली नाही. पण ही सगळी किरकोळ जळजळ. खरी आग लागली ती काकू पोहायला शिकल्या तेव्हा.

काकूंचे गुडघे दुखत. डॉक्टर म्हणाले, पाण्यात व्यायाम करा. किनाऱ्यावर सकाळी पन्नाशी-साठीच्या लोकांचा एक घोळका पोहायला जमायचा, त्यांना शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर हौसेने शिकवत. काकू त्यात गेल्या. आधी पाण्याच्या कडेला उभ्या राहायच्या, मग भिजू लागल्या, मग तरंगू लागल्या, आणि बघता बघता लांब पाण्यात तरंगत ठेवलेल्या पिवळ्या तरंडीपर्यंत जाऊन यायला लागल्या. गुडघे दुखायचे थांबले. हे चांगलंच झालं. पण जेवताना घरात तिसरंच माणूस येऊन बसायला लागलं.

"मास्तर म्हणतात, श्वास पाण्यात सोडायचा."

"बरं."

"मास्तर म्हणतात, माणूस घाबरतो म्हणून बुडतो."

"तुझ्या मास्तरांना सांग, माणूस पाणी जास्त झालं म्हणून बुडतो," काका म्हणाले आणि ताटातली भाजी नुसतीच चिवडत बसले.

लेक खो खो हसली. "बाबा, तुम्ही जळताय!"

"मी? मी कशाला जळू? चड्डी घालून पाण्यात हातपाय मारणाऱ्या माणसावर कोणी जळतं का?"

"आई, जळतायत गं."

जळत होतेच. मास्तर काकांपेक्षा वयाने मोठे, पण पोट म्हणून नाही. केस पांढरे, पण आहेत. एकटे राहणारे, स्वतःचं जेवण स्वतः करणारे, सगळ्यांशी हसून बोलणारे. म्हणजे राग धरायला एक धड कारण नाही, आणि कारण नसलेला राग माणसाला जास्त पोखरतो. आपली बायको तसं काही करणार नाही हे काकांना पक्कं ठाऊक होतं. दुखणं वेगळं होतं. नमुन्याच्या सकाळी ते कंबरेएवढ्या पाण्यात बाटली धरून उभे असत, आणि तो घोळका त्यांना ओलांडून पुढे जाई. काकांना पोहता येत नव्हतं. त्यांच्यासाठी समुद्र कंबरेला संपायचा. तिकडे तरंडीपाशी काकूंचं हसणं ऐकू यायचं, मोकळं, मोठ्याने, आणि घरात इतक्या वर्षांत आपण हिला असं एकदाही हसवलेलं नाही, हे काकांना त्या पाण्यात उभं राहून कळायचं. मग बाटली भरून झाली तरी ते तिथेच उभे राहत.

अशात एकदा प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी काकांना आत बोलावलं. काचेच्या बशीत जंतूंचे ठिपके दाटीवाटीने उगवले होते.

"काका, हा किनाऱ्याचा नमुना. यात मैला आहे. तुम्ही परत एकदा घेऊन या."

परत घेतला तोही तसाच निघाला. इतक्यात किनाऱ्यावर खेळून गेलेल्या काही पोरांना उलट्या-जुलाब झाल्याचंही कानावर आलं. नियम स्पष्ट होता. लाल पाटी: पोहण्यास मनाई. ती ठोकायचं काम शिपायाचं, पण काका म्हणाले, असू दे, मीच जातो. हातोडीचा एकेक घाव त्यांनी असा घातला की जणू पाटी वाळूत नाही, दुसऱ्याच कोणाच्या तरी डोक्यात रोवायची होती.

मास्तर टॉवेल खांद्यावर टाकून आले. "काय हो, काय झालं?"

"मैला," काका म्हणाले, आणि इतक्या गोड आवाजात म्हणाले की मास्तरांनी पुन्हा विचारलं.

घरी येताना काकांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आता बसा म्हणावं कोरडे. पण दारातच काकूंनी त्यांना गाठलं.

"मी सगळ्यांना सांगून आले, काळजी करू नका. आमचे हे शोधून काढतील. यांच्या हातून सुटायचं नाही. मास्तरसुद्धा म्हणाले, हे काम त्यांनाच जमेल."

एवढं बोलून त्यांनी काकांकडे असं पाहिलं, जसं फार दिवसांत पाहिलं नव्हतं. काकांची मोठी पंचाईत झाली. शोधावं तर मास्तरांचं फावणार, न शोधावं तर हे पाहणं जाणार.

दुसऱ्या दिवशी ते गटार खात्याच्या मुकादमाला घेऊन किनाऱ्यावर गेले. मुकादम जाडजूड, विनोदी, नाकाला कसलाही वास न लागणारा माणूस. किनाऱ्यावर पावसाळी गटाराचं एक तोंड उघडं होतं. कित्येक दिवसांत पावसाचा थेंब नव्हता, तरी त्यातून पाण्याची बारीक धार वाळूवर येत होती आणि वळून नेमकी पोहायच्या जागेकडे जात होती.

"पाऊस नाही, तर पावसाळी गटारात पाणी कुठून?" काका म्हणाले.

"कोणाच्या तरी घरातून, काका. कोणीतरी संडासाचा पाइप मैलावाहिनीला जोडायचा सोडून यात जोडलाय."

मग दोघं गटाराच्या रेषेने उलटे वर चालत गेले. एकेक झाकण उचलायचं, आत ओल आहे का बघायचं, जिथे फाटे फुटतात तिथे ओला फाटा धरायचा. पण खालच्या भागात भरतीचं पाणी आत शिरत असल्याने सगळेच फाटे ओले दिसत. त्यातला एक फाटा एका गल्लीत शिरला, आणि त्या गल्लीत मास्तर राहत होते. काकांच्या पावलांना एकदम वेग आला.

अशा तपासाची रीत सोपी असते. घरात जाऊन संडासात गडद हिरवा रंग ओतायचा, पाणी सोडायचं, आणि बाहेर उघड्या झाकणापाशी उभ्या असलेल्या माणसाने हिरवं दिसलं की शिट्टी वाजवायची. गल्लीत पहिलं घर दुसऱ्याच कोणाचं होतं, पण काका थेट मास्तरांकडे गेले. मास्तरांनी आनंदाने दार उघडलं. आत जाता जाता काकांची नजर ओट्यावर गेली. तिथे एक डबा होता. तो त्यांच्याच घरातला, बाजूला पोचा आलेला डबा.

"काकूंनी पाठवला होता," मास्तर म्हणाले, "मला सर्दी झाली होती ना."

काकांना सर्दी व्हायची तेव्हा काकू म्हणत, वाफ घ्या. काकांनी ठरलेल्याच्या दुप्पट रंग संडासात ओतला आणि कान टवकारून शिट्टीची वाट पाहिली. शिट्टी आली नाही. त्यांनी पुन्हा ओतला. मग मुकादमच खिडकीशी आला.

"काही नाही येत, काका. यांचं बरोबर जोडलेलं आहे. आणखी ओतू नका, मास्तरांना आठवडाभर हिरवं बघावं लागेल."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला.

पुढचे काही दिवस गल्लीमागून गल्ली झाली. लोक दार उघडायला तयार नसत, म्हणून काकूंनी आणि मास्तरांनी आधी जाऊन लोकांना समजावायचं काम घेतलं. झालं! पाण्यात पोहणं बंद झालं आणि रस्त्यात बरोबर हिंडणं सुरू झालं. काका खालच्या झाकणापाशी उकिडवे बसलेले, आणि वरून हे दोघं एकेका दारात हसत बोलत चाललेले. हा शोध लवकर संपायला हवा, असं काकांना आता मनापासून वाटू लागलं.

आणि तो संपला तो मुकादमाच्या घाईमुळे. एका दुपारी दोघं किनाऱ्याजवळच्या झाकणापाशी बसले होते. मुकादम उठला. "आलोच," म्हणत पोहणाऱ्यांसाठी बांधलेल्या नव्या खोल्यांकडे गेला. तिथे कपडे बदलायची सोय, फवारे आणि संडास. काका आत गटारात बघत बसले होते. थोड्या वेळाने गटारातलं पाणी अचानक चढलं आणि भुसकन पुढे गेलं.

काका ताडकन उठले. मुकादम हात झटकत येत होता.

"मुकादम, परत जा!"

"आता कसा जाऊ, काका? झालं की."

"अरे, नुसतं पाणी सोड!"

मग दोघांनीच जाऊन रंग ओतला. शिट्टी वाजवायला कोणी उरलं नव्हतं, दोघंही तोंडात बोट घालून बघत राहिले. हिरवंगार पाणी गटारातून धावत किनाऱ्यावर आलं. मैलावाहिनी रस्त्याच्या पलीकडे. रस्ता फोडायचा कंटाळा म्हणून बांधणाऱ्याने जवळची पावसाळी वाहिनी गाठली होती. सगळं शहर जुनी घरं तपासत बसलं, आणि या चकचकीत फरशीच्या खोल्यांवर कोणाचा संशयच गेला नाही. सगळ्यांत गंमत म्हणजे, त्या खोल्या बांधून घेतल्या होत्या मास्तरांनी. कचेरीच्या पायऱ्या झिजवून, सह्या गोळा करून.

काका वाळूवर अक्षरशः पळत गेले. घोळका बाकांवर बसला होता.

"सापडलं! मास्तर, तुमच्या खोल्या! तुमच्याच खोल्यांची घाण!"

मास्तर उठून त्या हिरव्या पाण्यापाशी गेले.

"म्हणजे चूक माझीच," ते म्हणाले. "मी नुसतं बांधा, बांधा म्हणत राहिलो. इथलं पाणी जातं कुठे, हे एकदाही विचारलं नाही. पोरं आजारी पडली ती माझ्यामुळे."

घोळक्यातले एक आजोबा उठून मास्तरांच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. काकूंचे डोळे भरून आले. शोधून काढलं काकांनी, उन्हात गटाराशी बसले काका, आणि भरल्या डोळ्यांनी पाहिलं गेलं ते चूक कबूल करणाऱ्याकडे. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाला चुकासुद्धा शोभून दिसत होत्या.

खोल्यांना कुलूप लागलं. रस्ता फोडून मुकादमाच्या माणसांनी पाइप मैलावाहिनीला जोडला, पावसाळी गटार धुऊन काढलं. आता फक्त नमुने चांगले यायचे राहिले होते. लागोपाठ चांगले आले की पाटी उतरणार.

नमुन्याच्या सकाळी काका वाळूवर उभे होते. समुद्र स्वच्छ दिसत होता. दूर बाकावर घोळका बसला होता. मास्तर काहीतरी सांगत होते आणि सगळे हसत होते. गटाराच्या तोंडाशी एक जुनं, काळपट डबकं साचून राहिलं होतं, भरतीचं पाणी त्याला जेमतेम शिवत होतं. काका पोहायच्या जागेकडे गेले नाहीत. ते डबक्याशी वाकले, बाटली भरली, आणि बाटलीवर ठिकाण लिहिलं पोहायच्या जागेचं. इतकी वर्षं ज्या हाताने कधी झाकणाला आतून बोट लावलं नव्हतं, त्याच हाताने हे सहज केलं.

नमुना वाईट आला. पुढचाही वाईट आला.

मोठ्या बाई चक्रावल्या. मुकादमाला वरिष्ठांकडून बोलणी बसली. त्याने नुकताच बुजवलेला रस्ता पुन्हा फोडला आणि त्याची माणसं पुन्हा त्या घाणीत उतरली, नसलेली चूक शोधायला. "काका, माझं कुठे चुकलं सांगा हो," मुकादम म्हणाला. काका म्हणाले, बघ नीट.

घरी मास्तरांचं नाव निघेनासं झालं. काकूंचे गुडघे पुन्हा आखडले, त्या भिंतीला धरून उठू लागल्या. काकांनी त्यांना संध्याकाळी बागेत फिरायला न्यायला सुरुवात केली. दोघं बाकावर बसत. काकू फारसं बोलत नसत, पण शेजारी असत, आणि काकांना ते पुरत होतं. आपली वस्तू आपल्या घरी आली, असं त्यांना वाटे. बायकोचं दुखणं डोळ्यांसमोर दिसत असताना माणसाला असं वाटू शकतं, मत्सर ही अशी वाईट चीज आहे.

त्यानंतरच्या नमुन्याच्या सकाळी काका चष्मा घरी विसरले. बाटलीवर लिहायला अडचण होईल म्हणून काकू तो घेऊन दुखऱ्या गुडघ्यांनी चालत किनाऱ्यावर गेल्या. काका त्यांना पोहायच्या जागेपाशी दिसले नाहीत. दिसले ते गटाराच्या तोंडाशी, डबक्यावर ओणवे झालेले.

"अहो?"

काका दचकून वळले. हातात भरलेली बाटली होती.

"हा... हा जादाचा नमुना. असाच, खात्री करायला."

काकूंनी बाटली हातात घेतली आणि तिच्यावरचं ठिकाण वाचलं. मग काकांकडे पाहिलं. मग दूरच्या बाकांकडे, जिथे घोळका अजून रोज येऊन नुसता बसत होता. बाटली त्यांनी वाळूत रिकामी केली. पेटीतून दुसरी घेतली, आणि कपड्यांनिशी पाण्यात शिरल्या. कंबरेपर्यंत गेल्या, वाळू बसेपर्यंत थांबल्या. झाकणाला आतून बोट लावलं नाही. बाटली पालथी धरून कोपरापर्यंत बुडवली आणि तिचं तोंड येणाऱ्या लाटेकडे फिरवलं. सगळं काकांचंच, जसंच्या तसं. काका काठावर उभे राहून स्वतःला पाहत होते आणि त्यांना कुठे तोंड लपवावं ते कळत नव्हतं.

काकूंनी बाटली त्यांच्या हातात दिली. "लिहा."

काकांनी लिहिलं. मग हळूच विचारलं, "मास्तरांना सांगणार का?"

"काय सांगू?" काकू म्हणाल्या. "सांगताना माझंच नाक कापलं जाईल. मी साऱ्या गावाला सांगत फिरले होते, आमचे हे कसे आहेत ते."

तो नमुना स्वच्छ आला. पुढचेही आले. पाटी काढायला काकांना सगळ्यांनी मिळून बोलावलं, टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी काकांना मिठी मारली आणि म्हणाले, तुम्ही नसता तर आम्हाला पाणी परत मिळालं नसतं. काकूही टाळ्या वाजवत होत्या. मग त्या सगळ्यांच्या आधी पाण्यात गेल्या.

आता काकूंचे गुडघे बरे आहेत. घरात बोलणंही होतं. लेकीच्या नोकरीचं, शेजाऱ्यांचं, भाजीत मीठ जास्त पडल्याचं. समुद्राचं मात्र एक अक्षर नाही. आज कोण आलं, कोण किती लांब गेलं, मास्तरांनी नवीन काय शिकवलं, काही नाही. काका अजून जळतात. पूर्वी मास्तरांवर एकट्यावर जळायचे, आता साऱ्या घोळक्यावर जळतात, कारण तिकडे ती जे बोलते ते त्या सगळ्यांना ऐकायला मिळतं. एकदा न राहवून त्यांनी स्वतः चहा केला, पोहून आलेल्या काकूंच्या पुढ्यात ठेवला आणि शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं:

"आज पाणी कसं होतं गं?"

काकूंनी केस पुसायचे थांबवले नाहीत.

"तुम्ही लिहाल तसं," त्या म्हणाल्या, आणि ओला टॉवेल वाळत घालायला गॅलरीत गेल्या.